बाराच्या बारा: ग्वाडलूप शिखरावरची आमची चढाई

शुगर लँडहून मी बोलतेय. मला आजचा विषय दिलाय तो डोंगर चढण्याचा. विषय ऐकून आमच्या घरी सगळे हसले, कारण शुगर लँडमध्ये बसून डोंगराबद्दल बोलायचं म्हणजे वाळवंटात बसून होडीबद्दल बोलण्यासारखं आहे. आपलं हे गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम शंभर फूट उंच. इथे चढ म्हणजे ब्राझोस नदीकाठचा पूर अडवणारा बांध, नाहीतर हायवेचा उड्डाणपूल. इथे वाढलेल्या आमच्या मुलांना 'घाट लागला' म्हणजे काय, ते समजावून सांगावं लागतं.

तरीही आम्ही पाच घरांतल्या बारा जणांनी ठरवलं की टेक्सासचं सगळ्यात उंच टोक गाठायचं. ग्वाडलूप पीक, उंची ८,७५१ फूट. ते कसं ठरलं, कसं फसलं आणि शेवटी कसं पार पडलं, ते आज सांगते. फसलं त्यात माझा वाटा मोठा होता, तेही सांगणार आहे.

सुरुवात झाली गणपतीत. आरतीनंतर जेवणाच्या पंगतीत कुणीतरी सांगितलं की अमेरिकेत प्रत्येक राज्याचं सर्वोच्च टोक गाठायचा छंद असलेले लोक आहेत. पन्नास राज्यं, पन्नास टोकं. त्यात अलास्काचं वीस हजार फुटांवरचं डेनाली आहे, तसंच फ्लोरिडाचं साडेतीनशे फुटांच्या आतलं ब्रिटन हिलही आहे. मग आपल्या राज्याचं कुठलं? नकाशा उघडला. पश्चिम टेक्सासच्या अगदी कोपऱ्यात, न्यू मेक्सिकोच्या हद्दीला टेकून ग्वाडलूप माउंटन्स नॅशनल पार्क आहे, त्यातलं हे शिखर. एका घरी मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले नाशिकचे काका पंगतीत होते. वय अडुसष्ट. ते म्हणाले, "म्हणजे तुमची ही टेक्सासची कळसूबाई झाली की! मी येतो."

कळसूबाई म्हणजे आपल्या महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर, १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. अकोले तालुक्यातल्या बारी गावातून वर जायचं, अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत, माथ्यावर देवीचं छोटं देऊळ. नवरात्रात तिथे गर्दी लोटते. काकांनी तरुणपणी कितीतरी नवरात्रं ती वाट चढली होती. त्यांनी 'मी येतो' म्हटल्यावर बाकीच्यांना नाही म्हणायची सोयच राहिली नाही.

मी कामाला लागले. मला याद्या करायची हौस. कोण किती चालला, कोण किती जिने चढला, सगळ्याचा तक्ता केला. शुगर लँडमध्ये डोंगर नाही, मग सराव कसा करायचा? पार्किंगच्या बहुमजली इमारतीचे जिने. शनिवारी सकाळी सहाला, पाठीवर पाण्याच्या बाटल्या घेऊन, वर-खाली, वर-खाली. सुरक्षारक्षक आमच्याकडे बघत बसायचा. रविवारी नदीकाठच्या बांधावर लांब चाल. सगळ्यात लहान होता अकरा वर्षांचा एक मुलगा, आणि तो आमच्यातल्या निम्म्यांच्या पुढे असायचा.

आणि मी टी-शर्ट छापून घेतले. पाठीवर मोठ्या अक्षरांत, 'बाराच्या बारा'. आव्हान हेच होतं की बारा जण निघणार आणि बाराच्या बारा वर पोचणार. तेव्हा ते फार छान वाटलं होतं.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत निघालो. इथून सॅन अँटोनियोमार्गे इंटरस्टेट दहाने सरळ पश्चिमेला. सकाळी निघालेलो आम्ही संध्याकाळी व्हॅन हॉर्नला पोचलो, तरी टेक्सास संपलं नव्हतं. गाडीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, राजगिऱ्याचे लाडू. रात्री मोटेलात मुक्काम, आणि पहाटे तासाभराचा रस्ता उत्तरेला. अंधारातून हळूहळू समोर एल कॅपिटनचा कडा दिसायला लागतो. आपल्याकडे नाशिकच्या रस्त्याने जाताना डोंगर उजेडात येतात ना, तसंच. गाडीत सगळे गप्प झाले.

एक गंमत ध्यानात ठेवा. व्हॅन हॉर्नचं घड्याळ आपलंच, पण पार्कात माउंटन टाइम चालतो, एक तास मागे. आमच्यातल्या काहींचे फोन बदलले, काहींची मनगटी घड्याळं बदलली नाहीत, आणि काकांच्या मनगटावर तर भारतातलीच वेळ होती. "तिकडे आता रात्र आहे, मी झोपेत चढतोय," असं ते म्हणत होते.

पाइन स्प्रिंग्जला गाडी लावली. आता हे ऐका. तो पायथाच साधारण पाच हजार आठशे फुटांवर आहे. म्हणजे गाडीतून पाय खाली ठेवला, तेव्हाच आम्ही कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंच होतो! काकांनी तिथेच हात जोडले.

वाट जाऊन-येऊन साधारण साडेआठ मैलांची, चढ तीन हजार फुटांचा. पार्कवाले सहा ते आठ तास धरायला सांगतात. वाटेत पाण्याचा थेंब नाही. माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाणी बरोबर घ्या, असंही सांगतात. स्वच्छतागृह पायथ्याशी आहे, वर नाही. हे शेवटचं वाक्य पुढे महत्त्वाचं ठरणार आहे.

आमच्यात एक ताई आहे, पुण्यात कॉलेजात असताना सह्याद्रीत भरपूर भटकलेली. तिने निघायच्या आधी सगळ्यांना गोल उभं करून दोन अटी घातल्या. एक, दीड वाजता जो जिथे असेल तिथून मागे वळायचं, शिखर दहा पावलांवर असलं तरी. नोव्हेंबरात पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, अंधारात ती दगडी वाट उतरायची नाही. दोन, कुणाला बरं वाटेनासं झालं तर तो खाली जाणार, पण एकटा नाही. त्याच्याबरोबर दोघं. म्हणजे वेळ आलीच तर एक जण त्याच्याजवळ थांबेल आणि दुसरा मदत आणायला जाईल. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग फोटो, टी-शर्ट, बुटांच्या नाड्या. निघायला साडेआठ झाले. थोडा उशीरच.

पहिला दीड मैल सगळ्यात उभा. नागमोडी वळणं, एकावर एक. सपाटीला सवयलेले आमचे श्वास लगेच फुलले. पुढे वाट डोंगराच्या उत्तरेकडच्या कुशीत शिरते आणि एकदम पाइनची झाडं लागतात, गारवा येतो. खाली निवडुंग आणि वर देवदारासारखी झाडं, एकाच डोंगरावर. तिथे जरा बरं वाटलं.

साधारण तीन मैलांवर एक टोक दिसतं. ते गाठलं की शिखर आलं असं वाटतं. आम्ही गाठलं, मुलांनी आरोळ्या दिल्या, आणि मग समोर खरं शिखर दिसलं. अजून मैलभर पुढे, मध्ये वाट थोडी उतरते आणि पुन्हा चढते. वारा असा की टोपी हाताने धरावी लागत होती. तेव्हा बारा वाजायला दहा मिनिटं होती.

काका दगडावर बसले. म्हणाले, "जरा दम घेतो." चेहरा पांढरा पडला होता, हात थरथरत होते. थंडीने असेल असं आम्हाला वाटलं. त्यांच्या सुनेने त्यांची पाठपिशवी उचलून बाजूला ठेवायला घेतली आणि ती थबकली. पिशवी सकाळी होती तितकीच जड होती. तीन लिटर पाणी जसंच्या तसं.

काकांनी सव्वातीन तासांत जेमतेम दोन घोट पाणी प्यायलं होतं. का? तर वर स्वच्छतागृह नाही. या वयात सारखं जावं लागतं. सगळ्यांना आपल्यासाठी थांबायला लागेल, बायकामुलं बरोबर आहेत, संकोच वाटतो. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या मनातून जात नाही. "डोकं मघापासून दुखतंय, पण तुमचं ते बाराच्या बारा मोडायला नको."

मंडळी, माझ्या पाठीवर तेच दोन शब्द छापलेले होते.

आम्ही त्यांना वाऱ्याच्या आडोशाला नेलं. मीठ-साखरेचं पाणी घोट घोट दिलं, अंगावर दोन जाकिटं घातली. पंधरा-वीस मिनिटांत तरतरी आली. हात थांबले. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "आता ठीक आहे. चला."

आता इथे मी खरं सांगते. मी घड्याळ बघितलं आणि मनातल्या मनात हिशोब मांडायला लागले. एक मैल उरलाय. काकांच्या चालीने दीड-दोन तास. म्हणजे सव्वादोन होतील. दीडची अट थोडी ताणली तर? दिवे आहेत बरोबर. आपण पुन्हा कधी येणार? सहाशेहून जास्त मैल आलोय. आणि काका स्वतःच तर म्हणताहेत चला. माणूस आपल्याला हवं ते उत्तर किती पटकन शोधतो! त्यांना बीपीची गोळी चालू आहे, ते व्हिजिटर इन्शुरन्सवर आलेले पाहुणे आहेत, वाटेवर फोन लागेलच याचा भरवसा नाही, हे सगळं मला माहीत होतं. तरी मी हिशोब करत होते.

मुलगा वडिलांकडे बघत होता, सून माझ्याकडे. कुणीच बोलेना. शेवटी काकाच बोलले. त्यांना माझा चेहरा वाचता आला असावा. म्हणाले, "कळसूबाईची गोष्ट माहीत आहे ना?"

ती गोष्ट त्या भागात अशी सांगतात. कळसू नावाची एक मुलगी एका घरी कामाला राहिली. तिची अट एवढीच होती की केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही, बाकी पडेल ते काम करीन. एक दिवस घरच्यांनी तीच कामं तिला करायला लावली. तिने केली, पण मग ती त्या घरात राहिली नाही. डोंगरावर निघून गेली, ती कायमची.

"अट मोडली म्हणून ती बाई डोंगरावर गेली," काका म्हणाले. "आपण डोंगरावर येऊन अट घातलीय. ती पाळू आणि खाली जाऊ."

झालं. काका, त्यांचा मुलगा आणि मी, असे तिघं मागे वळायचं ठरलं. मुलगा मला म्हणाला, "तुम्ही वर जा, इतके महिने तुम्ही राबलात, दुसरं कुणीतरी येईल." पण मला वाटलं, हा आकडा मी मांडलाय, तो मीच मोडायला हवा. आठ जणांना घेऊन ताई पुढे गेली. ते सव्वाएकच्या आत शिखरावर पोचले आणि दिवे लावायची वेळ यायच्या आत, पावणेपाचला खाली आले. आम्ही तिघं थांबत थांबत साडेतीनला उतरलो होतो. काकांनी उतरताना सगळं पाणी संपवलं, आणि वाटेत तीनदा थांबलो. कुणाचंच काही बिघडलं नाही.

परतीच्या गाडीत नऊ जण आनंदात होते, पण आम्हाला वाईट वाटू नये म्हणून जपून बोलत होते. मला वाईट वाटत होतंच, नाही कशाला म्हणू? आठवडाभर मी तो तक्ता उघडलाच नाही.

त्या हिवाळ्यात मी या शिखराबद्दल वाचत बसले. तेव्हा १९८२ सालची हकिकत सापडली. पायांतली ताकद गेलेल्या, चाकाच्या खुर्चीवर असलेल्या काही टेक्सासकरांनी हेच शिखर चढायला घेतलं. ज्या वाटेवर आमचे बूट घसरत होते, त्या वाटेवर खुर्च्या! त्यांना पाच दिवस लागले. निघालेल्यांपैकी तिघं माथ्यावर पोचले. मी आधी ते तिघंच बघितले. मग न पोचलेल्यांचा विचार केला. ते त्याच वाटेवर, त्याच उन्हात होते. त्यांना कमी कोण म्हणेल?

आपल्याकडेही बघा. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेने २०१२ मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली एव्हरेस्टची मोहीम काढली, आठ जण माथ्यावर गेले. पुढच्याच वर्षी ते पुन्हा तिकडे गेले. २०१९ मध्ये कांचनजुंगावर त्यांचे दहा जण पोचले. आपण ते आकडे लक्षात ठेवतो. पण अशा मोहिमांत छावणी सांभाळणारे, हवामान बघणारे, कुणाला मागे बोलवायचं ते ठरवणारेही असतात. तेही मोहीम पुरी करतच असतात.

यंदा ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही पुन्हा गेलो. काका भारतात परतले होते, त्यामुळे अकरा जण. या वेळी काय बदललं ते सांगते, कारण तुमच्यातले कुणी जाणार असाल तर याचा उपयोग होईल.

टी-शर्टवर काही छापलं नाही. निघालो पावणेसातला, डोक्यावर दिवे लावून. मागे वळायची वेळ दुपारी बारा, आणि ती सगळ्यांच्या घड्याळात एकच आहे ना, ते पायथ्याशी तपासलं. त्या मुलाच्या, आता बारा वर्षांच्या, गळ्यात शिट्टी दिली. दर अर्ध्या तासाला तो शिट्टी वाजवणार आणि सगळ्यांनी पाणी प्यायचं. कुणाला तहान आहे का, असं विचारायचंच नाही.

आणि स्वच्छतागृहाचा विषय सगळ्यांसमोर उघड बोललो. हसू नका मंडळी. आपल्याकडच्या बायका आणि वयस्कर माणसं याच कारणाने प्रवासात पाणी पीत नाहीत, एसटीतही आणि इथेही. आम्ही ठरवलं की दर तासाला दहा मिनिटं थांबायचं. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. छोटं खुरपं, कागद आणि कागद परत आणायला पिशवी बरोबर. एकदा बोलून टाकल्यावर लाजण्यासारखं काही राहिलं नाही.

शिवाय प्रत्येकाला दोनदा विचारायचं, पण "ठीक आहेस ना?" असं नाही. त्याला "हो" हेच उत्तर येतं. विचारायचं, "किती पाणी संपलं? काय दुखतंय?" आमच्यातल्या एकाने त्यावर लगेच सांगितलं की टाचेला फोड येतोय. पट्टी लावली, पाच मिनिटांत पुढे निघालो. गेल्या वर्षी त्याने ते सांगितलं नसतं.

त्या फसव्या टोकावर मी दगड शोधला. काका बसले होते तो. तिथे आम्ही राजगिऱ्याचे लाडू खाल्ले. मग उतार, लाकडी पूल आणि शेवटचा खडकाळ चढ. अकराला दहा मिनिटं असताना माथा आला.

माथ्यावर स्टीलचा एक त्रिकोणी स्तंभ आहे, पिरॅमिडसारखा. १८५८ मध्ये याच डोंगराच्या पायथ्यावरून बटरफिल्ड कंपनीच्या टपालाच्या घोडागाड्या जाऊ लागल्या. त्याला शंभर वर्षं झाली म्हणून १९५८ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने तो उभारला. समोर एल कॅपिटनचा तो कडा, जो खालून आभाळाला टेकलेला वाटतो, तो चक्क आपल्या खाली दिसतो. पश्चिमेला मिठाची पांढरी सपाटी. आणि पायाखालचा हा सगळा डोंगर म्हणजे एके काळचा समुद्रातला खडक, सुमारे सव्वीस-सत्तावीस कोटी वर्षांपूर्वी स्पंज आणि शेवाळांनी बांधलेला. आपला सह्याद्री लाव्हारसाचा, काळा. हा चुनखडीचा, फिकट. मुलांनी दगडातले जीवाश्म शोधले, बघितले आणि जागच्या जागी ठेवले.

तिथे धातूच्या पेटीत एक वही असते. येणारे आपलं नाव लिहितात. मी अकरा नावं लिहिली आणि बारावं, काकांचं, लिहायला पेन टेकवलं. तेवढ्यात तो शिट्टीवाला मुलगा म्हणाला, "पण आजोबा तर आले नाहीत. मग नाव कसं लिहायचं?"

मी थांबले. त्याचं बरोबर होतं. ज्या माणसाने खोटं यश नको म्हणून पाऊल मागे घेतलं, त्याच्या नावाने मी खोटी नोंद करायला निघाले होते. पेन मिटलं.

खाली उतरून, व्हॅन हॉर्नला पोचल्यावर काकांना फोन लावला. नाशिकला सकाळ झाली होती. वहीची गोष्ट सांगितली. जरा भीत भीतच. ते खूप हसले. म्हणाले, "बरं केलंत. पोरगं शहाणं आहे. माझं नाव मी येऊन लिहीन." आणि मग विचारलं, "सगळे खाली आलात ना?"

मी म्हटलं, "हो काका, सगळे."

तर मंडळी, तुम्हाला जायचं असेल तर ऑक्टोबर, नोव्हेंबर चांगला. वसंतात वारा भयंकर असतो, उन्हाळ्यात दुपारी विजा कडाडतात, तेव्हा हवामान बघूनच निघा. पार्कात पेट्रोल मिळत नाही, टाकी आधीच भरा. आणि आमचा सराव दर शनिवारी सकाळी सहाला त्याच पार्किंगच्या जिन्यांवर चालू आहे. काका पुढच्या वर्षी येताहेत, त्यांच्याबरोबर पुन्हा जायचंय. या कुणीही. पाण्याची बाटली मात्र भरून आणा, आणि ती रिकामी करून घरी जा.